शिडीवरच्या माणसाकडून आपण काय मागतो?

जून २०१८. लंडनच्या होल्बर्न भागात ग्रेनफेल टॉवरच्या आगीची चौकशी सुरू होती आणि साक्षीदाराच्या खुर्चीत मायकल डाऊडन नावाचा अग्निशामक अधिकारी बसला होता. वर्षभरापूर्वी, १४ जून २०१७ च्या मध्यरात्री, त्या इमारतीपाशी सगळ्यात आधी पोहोचलेल्या बंबांची सूत्रं त्याच्या हातात होती. आयोगाचे वकील त्याला मिनिटामिनिटाचा हिशेब विचारत होते. या क्षणी तुम्हाला काय दिसलं? ते पाहून तुम्ही काय ठरवलंत? इमारत रिकामी करावी असं तेव्हा का वाटलं नाही? त्या रात्रीची चित्रफीत समोर आली तेव्हा त्याला रडू आवरेना. साक्ष मध्येच थांबवावी लागली.

त्या आगीत ७२ माणसं गेली. त्यांचे नातेवाईक त्याच दालनात बसून हे ऐकत होते आणि प्रत्येक प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरता हक्क होता. माझं लक्ष मात्र त्या चौकशीच्या क्रमाकडे जातं. इमारतीला पेट घेणारे पत्रे ज्यांनी बनवले, विकले, निवडले, बसवले आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत ते मंजूर झाले, त्यांना प्रश्न विचारायला आयोगाने सुरुवात केली ती २०२० मध्ये. म्हणजे आग लागली त्या रात्री पाण्याची नळी घेऊन धावलेला माणूस आधी आणि आगीचं सामान भिंतीवर चढवणारी माणसं दीड वर्षाने. त्या रात्री काय घडलं ते आधी आणि का घडलं ते नंतर, असं आयोगाने ठरवलं होतं. कामकाजाच्या सोयीसाठी हा क्रम समजण्यासारखा आहे. पण लोकांच्या मनात पहिला आरोपी कोण म्हणून ठसला, हेही त्या क्रमानेच ठरवून टाकलं.

अग्निशामक जवानाला आपण जी नैतिक मोजपट्टी लावतो ती माणसाच्या उंचीची आहे का, हा प्रश्न मला इथून पडला. आणि तो लंडनपुरता राहात नाही. मुंबईच्या गोदीतून, काळबादेवीच्या गल्लीतून, सुरतच्या क्लासच्या खिडकीखालून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

आधी ग्रेनफेलचंच नीट पाहू, कारण इतकी बारकाईने तपासलेली दुसरी आग सापडणं कठीण.

ग्रेनफेल ही उत्तर केन्सिंग्टनमधली चोवीस मजली इमारत. बहुतेक रहिवासी कष्टकरी, अनेक जण परदेशांतून येऊन वसलेले. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली आणि मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५४ मिनिटांनी पहिला फोन गेला. बंब काही मिनिटांत हजर झाले. स्वयंपाकघरातली आग म्हणजे शहरी दलाचं रोजचं काम. जवान आत शिरून पाणी मारत होते तोपर्यंत ज्वाळा खिडकीतून बाहेर पडून भिंतीवर चढल्या होत्या. नूतनीकरणात त्या भिंतीवर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते. त्यांच्या दोन पातळ थरांच्या मध्ये पॉलिथिलिन होतं आणि त्यांच्यामागे जळणारं उष्णतारोधक. साधारण वीस मिनिटांत आग चौथ्या मजल्यावरून थेट माथ्यापर्यंत पोहोचली.

ब्रिटनमध्ये उंच इमारतींच्या आगीचा एक नियम पक्का रुजलेला आहे: ज्याच्या घरात आग नाही त्याने घरातच थांबावं. हा नियम मूर्खपणाचा नाही. काँक्रीटची इमारत, प्रत्येक घर आगीपुरतं बंदिस्त आणि जिना एकच. सगळे एकदम खाली धावले तर धुराने भरलेल्या जिन्यात चेंगरून मरतील आणि जवानांना वर जाता येणार नाही. हजारो आगींत या नियमाने जीव वाचवले आहेत. पण तो उभा आहे एका गृहीतावर, की इमारत नियमाप्रमाणे बांधली आहे. ग्रेनफेलमध्ये ते गृहीतच खोटं होतं आणि ते खोटं आहे हे रात्री एक वाजता फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. घरातच थांबण्याचा सल्ला अखेर २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला गेला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांचा पहिला अहवाल आला. तो सल्ला दीड ते एक पन्नासच्या दरम्यान मागे घ्यायला हवा होता, तसं झालं असतं तर आणखी माणसं वाचण्याची शक्यता होती, असं अहवालाने नोंदवलं. जवानांच्या धैर्याची त्याने मनापासून दखल घेतली. बोट ठेवलं ते संस्थेवर. अशा आगीत इमारत कशी रिकामी करायची याचं प्रशिक्षणच अधिकाऱ्यांना दिलं गेलं नव्हतं आणि फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षाचा घटनास्थळाशी मेळ नव्हता. त्याआधी २००९ मध्ये दक्षिण लंडनच्या लॅकनल हाऊस इमारतीत सहा जण गेले होते. तिथेही आग बाहेरून पसरली होती, तिथेही माणसं घरात थांबली होती आणि त्याचे धडे लिहूनही काढले गेले होते. ते फायलीत राहिले.

ही टीका योग्य आहे आणि ती व्हायलाच हवी होती. लंडन दलाच्या तेव्हाच्या आयुक्त डॅनी कॉटन यांनी साक्षीत सांगितलं की मागे वळून पाहतानाही त्या रात्रीच्या दलाच्या कामात आपण काही बदलणार नाही. मृतांच्या नातेवाइकांना ते वाक्य जिव्हारी लागलं, अहवालानेही त्यावर कठोर शब्द वापरले आणि त्या ठरल्या वेळेआधी निवृत्त झाल्या. संस्थेच्या प्रमुखाला ही मोजपट्टी लागू आहे. वर्षानुवर्षं हातात असलेला धडा शिकवायचा राहून गेला, याचा जाब तिथेच मागायचा असतो.

डाऊडनचं तसं नाही. ज्या दर्जाचा तो अधिकारी होता, त्या दर्जाच्या माणसाच्या हाती इतकी मोठी आग सहसा येतच नाही. ती येईपर्यंत वरिष्ठ पोहोचलेले असतात. जवळजवळ पहिला तास त्याला एकट्याने काढावा लागला. जे त्याला कधी शिकवलं नाही, ज्या धोक्याची सूचना त्याला कधी मिळाली नाही, ते त्याने वीस मिनिटांत स्वतः ओळखावं, आयुष्यभर पाळलेला नियम एका श्वासात मोडावा आणि एकुलत्या एका जिन्यातून शेकडो माणसं उतरवण्याचा हुकूम द्यावा, अशी ही अपेक्षा होती. कुणी तरी असामान्य माणूस कदाचित हे करू शकला असता. पण असामान्य माणसाने जे कदाचित केलं असतं, ते न केल्याचा दोष साध्या, प्रामाणिक, शिकवल्याप्रमाणे वागलेल्या माणसाच्या माथी मारायचा का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे.

दुसरा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आगीनंतर सात वर्षांनी. ते सगळे मृत्यू टाळता आले असते, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. सरकारने दशकानुदशकं धोक्याच्या सूचनांकडे काणाडोळा केला, पत्रे आणि उष्णतारोधक विकणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांबाबत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला, असा तो निष्कर्ष. जस्ताचे पत्रे लावायचा मूळ विचार सोडून हे स्वस्तातले पत्रे निवडल्यामुळे जवळपास तीन लाख पौंड वाचले होते. अहवाल प्रसिद्ध झाला त्या दिवसापर्यंत या जबाबदार ठरलेल्यांपैकी एकावरही आगीसाठी फौजदारी खटला उभा राहिलेला नव्हता.

आपल्याकडची गोष्ट १४ एप्रिल १९४४ पासून सुरू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड आणि सोन्याच्या विटा. महायुद्धाची घाई नसती तर कापूस आणि स्फोटकं एका जहाजात कुणी भरली नसती. स्फोटकं असलेल्या जहाजाने लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसला. बंब आले. जहाज बंदराबाहेर ओढून न्यावं, की आहे तिथेच बुडवावं, हे ठरवायला कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे अधिकारी होते. आणि निर्णय कुणीच घेतला नाही. कोठारात शेकडो टन पाणी ओतलं गेलं आणि आग धगधगतच राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई दलाचे ६६ जण गेले.

त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षा सप्ताह म्हणून. भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी मानवंदना होते. ती व्हायलाच हवी. मात्र त्या दिवशीच्या भाषणांत ६६ जणांनी प्राण दिले असंच ऐकू येतं. दोन तास निर्णय न घेणाऱ्यांनी ते प्राण घेतले, असं कुणी म्हणत नाही. जहाजाच्या डेकवर नळी धरून उभा असलेल्या फायरमनने ते मरण निवडलेलं नव्हतं. त्याला वर्दी मिळाली, तो आला, हुकूम होता तिथे उभा राहिला. त्याच्या मृत्यूला आपण बलिदान म्हटलं की त्या मृत्यूला कारण उरत नाही, आणि कारण उरलं नाही की जाब विचारायलाही कुणी उरत नाही.

आणि ही सवय जिवंत माणसांनाही महागात पडते. ज्या कामात मरण्याला सर्वोच्च पदवी असते त्या कामात मागे फिरणं लाजिरवाणं ठरतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वूस्टर शहर, ३ डिसेंबर १९९९. जुनं शीतगृह, जवळजवळ खिडक्या नसलेलं, भिंतींना कॉर्क आणि फोमचे थर. आत दोन बेघर माणसं राहतात असं कळलं म्हणून दोन जवान शोधायला आत गेले आणि धुरात वाट चुकले. त्यांना शोधायला आणखी गेले, तेही परतले नाहीत. एकूण सहा. ती बेघर माणसं आग लागताच निघून गेलेली होती; आत कुणीही नव्हतं. बाहेर आणखी जवान आत शिरायला आसुसले होते, आपल्या माणसांना सोडून ते हटायला तयार नव्हते. तेव्हा माईक मॅकनामी हा अधिकारी दारात आडवा उभा राहिला. सहा गेले, आता सातवा जाणार नाही, असं त्याने त्यांना सांगितलं. सहा सहकारी आत असताना दार अडवायला लागणारं धैर्य मला त्या रात्रीच्या इतर कुठल्याही धैर्याहून मोठं वाटतं. त्याचा पुतळा कुणी उभारला नाही तरी प्रत्येक अग्निशमन शाळेत ही गोष्ट शिकवली जावी.

जगभरच्या दलांत एक सूत्र शिकवतात. वाचवण्यासारखा जीव असेल तर मोठा धोका पत्करा, पण मोजून. मालमत्तेसाठी थोडाच पत्करा. जे आधीच गेलं आहे त्यासाठी अजिबात पत्करू नका. शांतपणे वाचलं तर कुणालाही पटेल. पण गल्लीत जळत्या इमारतीसमोर पाचशे माणसं उभी असतात, त्यांतला कुणी तरी ओरडतो, ‘अरे, नुसते बघत काय उभे राहिलात, आत जा की!’ तेव्हा हे सूत्र पाळणं अवघड होतं. आत जाऊन काहीच हाती लागणार नाही हे ठाऊक असूनही पाय आत वळतो, कारण बाहेर थांबलेल्याला भित्रा म्हणतात.

काळबादेवीची आठवण इथे टाळता येत नाही. ९ मे २०१५, शनिवार. जुन्या हनुमान गल्लीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत. त्या भागातल्या उपकरप्राप्त इमारती ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना वर्णन करून सांगायला नको. लाकडी तुळया, लाकडी जिने, मागाहून चढवलेले पोटमाळे, एका खोलीत घर आणि शेजारच्या खोलीत कारखाना. वायरींची जाळी एका घरातून दुसऱ्यात गेलेली. गल्ली अशी की बंब आत आला तर दुसऱ्याला त्याच्या मागेच थांबावं लागतं. भाडं अनेक दशकांपूर्वीचं, त्यामुळे मालक दुरुस्तीला पैसा लावत नाही. पुनर्विकास कधी तरी होईल या आशेवर भाडेकरूही लावत नाही.

त्या संध्याकाळी रहिवासी वाचले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई हे इमारतीपाशी होते तेव्हा तिचा भाग कोसळला. राणे आणि देसाई तिथेच गेले. नेसरीकर आणि अमीन गंभीर भाजले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांनीही रुग्णालयात प्राण सोडले. एका आगीत मुंबईने आपल्या दलाचा प्रमुख, त्याचा उजवा हात आणि दोन अनुभवी अधिकारी गमावले. असा प्रसंग या शहरात त्याआधी गोदीच्या स्फोटानंतर आला नव्हता.

या चौघांबद्दल मी आदरानेच लिहितो आहे. नेमक्या याच आदरापोटी वाटतं की त्यांच्या मृत्यूनंतर ज्या ताकदीने ‘वीर’ हा शब्द उच्चारला गेला त्याच ताकदीने दुसरे प्रश्न विचारले जायला हवे होते. जळून खिळखिळी झालेली इमारत केव्हा पडेल याचा अंदाज सांगणारा स्थापत्य अभियंता घटनास्थळी हवा की नको? लाकडी इमारतीत आग ठरावीक वेळेपलीकडे गेली की सगळ्यांनी बाहेर यायचं, असा कडक नियम हवा की नको? दलाचा प्रमुख इमारतीच्या तोंडाशी असावा की मागे नियंत्रण वाहनात? जो वरिष्ठ पुढे जात नाही त्याला खालची माणसं मानत नाहीत, ही दलातली समजूत कुणी घडवली? आपण घडवली. पडद्यावरच्या प्रत्येक गणवेशातल्या नायकासाठी टाळ्या वाजवून घडवली.

या नैतिक मोजपट्टीची आणखी एक बाजू पैशाची आहे. ब्रिटनमध्ये १९७७ च्या नोव्हेंबरात अग्निशामक जवानांनी पहिला देशव्यापी संप केला, तीस टक्के पगारवाढीसाठी. २००२ मध्ये पुन्हा केला, तेव्हा मागणी वर्षाला तीस हजार पौंडांची होती. दोन्ही वेळा लष्कराचे जुने हिरवे बंब रस्त्यावर आले आणि दोन्ही वेळा एकच आरोप झाला: माणसं जळत असताना हे पगार मागतात. मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणाऱ्या कायद्याची, नोटीस निघते तेव्हा आपल्याकडेही हाच सूर लागतो. ज्याला देवदूत म्हटलं त्याने घरभाडं, मुलांच्या फिया, फुप्फुसाचे आजार यांबद्दल बोलू नये, अशी आपली अपेक्षा असते. देवदूत म्हणून गौरवलेल्या माणसाला वेतन आयोग लागू करायला कुणाला घाई नसते. मला तर संपावर जाणारा फायरमन संप न करणाऱ्या पण श्वसनयंत्राशिवाय आत शिरणाऱ्या फायरमनपेक्षा कमी नैतिक वाटत नाही. आपल्या जिवाची किंमत मागणं हाही एक नैतिक आग्रहच आहे.

आता उलट बाजू, आणि ती मला तितकीच कडकपणे मांडायची आहे. शिडीवरच्या माणसाकडून अतोनात मागू नये असं म्हणणं म्हणजे अग्निशमन खात्याला सगळं माफ, असं नव्हे. या खात्याची दोन कामं आहेत. एक आग विझवण्याचं, दुसरं ना हरकत प्रमाणपत्र देण्याचं. पहिलं रात्री दोन वाजता धुरात होतं, दुसरं सकाळी अकरा वाजता टेबलावर. पहिल्यात निर्णयाला सेकंद मिळतात, दुसऱ्यात आठवडे. दोन्हींना एकच माप लावणं हाच आपला मूळ घोटाळा.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण गेले. गच्चीवर पेट घेणारं छत होतं, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. त्या प्रकरणात मालकांबरोबर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यालाही अटक झाली. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये शिकवणीच्या वर्गात अडकलेल्या मुलांनी खिडकीतून उड्या मारल्या. २२ मुलं गेली. तिथेही अग्निशमन अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण जळाले आणि तिथल्या दलाच्या प्रमुखाला अटक झाली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले, त्या खटल्यात अग्निशमन सेवेचा अधिकारीही दोषी ठरला. जी इमारत न पाहता कागदावर सही झाली, जिथला जिना सामानाने भरलेला असूनही ‘ठीक आहे’ असा शेरा पडला, त्या सहीवर कुणाही नागरिकाने जाब विचारावा. त्यात अवास्तव असं काही नाही. कुठल्याही सरकारी नोकराने जेवढं प्रामाणिक असायला हवं तेवढंच तिथे मागितलं जातं. आणि टेबलावरच्या माणसाने शिडीवरच्या माणसाच्या पुण्याईआड लपू नये. कारण त्याच्या खोट्या सहीची किंमत बहुतेक वेळा त्याचाच एखादा सहकारी धुरात मोजतो.

सुरतमध्ये लोकांचा राग मात्र आधी शिडीवर गेला. शिडी पोहोचली नाही, जाळी नव्हती, बंब उशिरा आला. तो राग मी समजू शकतो. खाली पडणारी मुलं पाहिलेल्या आईबापांना कुणी शहाणपण शिकवू नये. पण शिडी जवानाने विकत घ्यायची नसते. जाळी आहे की नाही हे महापालिकेच्या अंदाजपत्रकात ठरतं. गच्चीवर थर्माकोलच्या छताखाली शिकवणीचे वर्ग भरवायला परवानगी कुणी दिली, हा प्रश्न त्या दिवशीही होता आणि आजही तोच आहे.

शेवटच्या माणसावर भार टाकायची आपली रीत अग्निशमन दलापुरतीही नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेव्हा अटक झाली एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना. आग विझवणारी यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव ज्या टेबलांवर महिनोन्महिने पडून होता, त्या टेबलांवरच्या माणसांना कोठडीची पायरी चढावी लागली नाही. जो आगीच्या सगळ्यात जवळ होता त्याचा हात धरणं सोपं असतं. तो तिथेच असतो, धुराने काळवंडलेला, पळून न गेलेला.

इंग्लंडच्या न्यायालयाने या बाबतीत १९९७ मध्ये एक रेघ आखली आहे, ती मला विचार करण्यासारखी वाटते. हॅम्पशायर परगण्यातल्या एका आगीत अग्निशमन अधिकाऱ्याने इमारतीतले पाण्याचे फवारे बंद करायला लावले आणि आग वाढली. अपील न्यायालयाने तिथे दलाला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरलं. पण त्याच निकालात हेही सांगितलं की आग विझवता आली नाही किंवा वेळेत पोहोचता आलं नाही एवढ्यावरून दल कायद्याने दोषी ठरत नाही. त्याच्या कृतीने परिस्थिती बिघडली तर ठरतं. भारतासारख्या देशात वेळेत न येण्याचीही काही जबाबदारी असली पाहिजे, असं माझं मत आहे. तरी या रेघेमागचं तत्त्व पटतं: माणसाने काय केलं हे तपासा, त्याच्याकडून झालेला चमत्कार किंवा न झालेला चमत्कार मोजू नका.

मग मागायचं तरी काय? जवानाकडून कौशल्य मागावं, सराव मागावा, दारू न पिता ड्युटीवर येणं मागावं, मृताच्या अंगावरच्या दागिन्याला हात न लावणं मागावं, ज्याची जात, वस्ती, धर्म काहीही असो त्याच्या दारात तेवढ्याच वेगाने पोहोचणं मागावं. हे सगळं माणसाच्या आवाक्यातलं आहे आणि यात एका कणाचीही सूट नको. प्राण मागू नयेत. ते कधी जातील, या कामात जातातही. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत दलाचा एक तरुण जवान गेला, तेव्हाही आपण हळहळलो. पण समाजाने आधीच ते आपल्या हिशेबात धरून ठेवणं ही क्रूरता आहे.

आणि ज्यांच्याकडून काहीच मागितलं जात नाही त्यांच्याकडून मागायला सुरुवात करावी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. या कायद्याने इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, अग्निशमन दलावर नाही. म्हणजे तुमच्या माझ्यावर. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. किती सोसायट्यांच्या वार्षिक सभेत हा विषय निघतो? पार्किंगवर दोन तास भांडण होतं. पंप बंद आहे, होजच्या पेटीतली नळी गायब आहे, गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली वॉचमनकडे, रेफ्युज मजल्यावर कुणाचं तरी जुनं फर्निचर, जिन्यात चपलांची कपाटं आणि सायकली, हे सगळ्यांना दिसत असतं. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या रस्त्यात ती उघडतच नाही. त्या मोटारींपैकी एक आपली असते.

दिवाळीच्या रात्रींना दलाचे फोन थांबत नाहीत. बाल्कनीत सुकत घातलेल्या कपड्यांवर पडलेला बाण, पणतीने पेटलेला पडदा, कचऱ्याचा ढीग, फटाक्यांचं दुकान. आपण फराळाला बसलेले असतो तेव्हा ती माणसं बंबावर असतात. त्यांना मिठाईचा बॉक्स नेऊन देणाऱ्या सोसायट्या आहेत आणि ते चांगलंच आहे. त्याबरोबर आणखी एक करा. हा अंक बाजूला ठेवलात की सेक्रेटरींना फोन करून जुलैचा फॉर्म बी भरला होता का ते विचारा, आणि पुढचा जानेवारीत भरायचा आहे याची आठवण द्या. गच्चीच्या कुलपाची किल्ली कुठे असते ते घरातल्या लहान मुलालासुद्धा ठाऊक असू द्या. गल्लीच्या तोंडाशी लावलेली मोटार आजच्या आज हलवा.